तिसऱ्या रांगेतल्या परीचा अर्ज

‘चांदणवन’ या चित्रपटमालिकेत तिसऱ्या रांगेत उभी राहणारी एक परी, आपल्याला नोकरीत कायम करावं असा अर्ज करायचा म्हणून, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला रमाकांत उकिडव्यांच्या घरी आली. बेलपर्यंत तिला उडता आलं, पण बटण दाबण्याइतकं वजन तिच्यात नव्हतं. शेजारच्या देवधरबाई कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला आल्या, तेव्हा त्यांनी बेल दाबली आणि “तुमच्याकडे आल्यात,” एवढं सांगून त्या आत गेल्या.

रमाकांत उकिडवे त्या मालिकेचे मराठी संवाद लिहीत. परदेशात कुठेतरी दर दोन वर्षांनी पऱ्यांचा एक चित्रपट तयार होई आणि त्याला मराठीत बोलतं करण्याचं काम पुण्यात, एरंडवण्यातल्या एका तळघरातल्या स्टुडिओत चाले. असे अकरा चित्रपट झाले होते आणि बाराव्याचं काम चालू होतं. लग्नाकार्यात कुणी “आपण काय करता?” असं विचारलं की रमाकांत “लेखन” म्हणत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत ताट घ्यायला वळत. सत्तावन्नाव्या वर्षी पऱ्यांचं नाव काढायला त्यांना संकोच वाटे. खरं तर ते कादंबरीकार होते. फक्त कादंबरी सव्वीस वर्षं चाळिसाव्या पानावर होती.

परी वीतभर उंच होती. अंगावर फिकट हिरवा झगा, पाठीवर पंख, सगळं रीतसर. पाय मात्र नव्हते. गुडघ्यांच्या खाली धुक्याची एक पट्टी होती आणि ती संपली की काहीच नव्हतं.

“तिसऱ्या रांगेला पाय काढत नाहीत,” ती म्हणाली. “पुढे दोन रांगा असतात आणि खाली धुकं असतं, बरं का.”

शैलजाबाईंनी साखरेचा डबा आणून झाकणावर तिला बसायला जागा केली. शैलजाबाई म्हणजे रमाकांतांच्या पत्नी. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागात काढून त्या वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. कुणी अर्ज घेऊन आलं की त्यांची पाठ आपोआप ताठ होई. तशी ती आत्ताही झाली.

“मी एका मोठ्या संकटात सापडले आहे, बरं का,” परी म्हणाली.

शैलजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “या अशा का बोलतात?”

रमाकांतांनी चष्मा काढून पुसला. पडद्यावरच्या पात्राचं मराठी वाक्य संपायचं आणि ओठ मात्र हलतच राहायचे, असं नेहमी होई. अशा उरलेल्या ओठांवर ते ‘बरं का’ टाकत. अकरा चित्रपटांत मिळून सातआठशे तरी टाकले असतील. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, असा त्यांचा समज होता.

“सवय आहे त्यांची,” ते म्हणाले.

परीचं संकट असं होतं. बाराव्या चित्रपटापासून पडद्यावरची गर्दी कमी करायची, असं मालिकेच्या मुख्य कार्यालयाने ठरवलं होतं. त्यासाठी सगळ्यांची दोन गटांत विभागणी झाली होती. ज्यांनी मालिकेत कधीतरी तोंड उघडलंय ती पात्रं. उरलेलं सगळं म्हणजे झाडं, ढग, दगड, धुकं आणि तिसरी रांग ही पार्श्वभूमी. पात्रांना हात लावायचा नव्हता. पार्श्वभूमी पुसायची होती.

“पण मी बोलले आहे,” परी म्हणाली. “चौथ्या चित्रपटात, वनाचं दार कोसळतं तेव्हा. ‘अगं बाई’ असं. तुम्हीच लिहिलं होतंत, बरं का.”

रमाकांतांना काही आठवेना. त्यांनी कपाटातून चौथ्या चित्रपटाची संहिता काढली. शेहेचाळिसाव्या पानावर, समासात, त्यांच्याच हस्ताक्षरात खरोखरच तसं लिहिलेलं होतं. दार कोसळल्यावर दीड सेकंद शांतता होती. ती ऐकायला रिकामी वाटते म्हणून ध्वनिमुद्रक इनामदारांनी काहीतरी टाकायला सांगितलं आणि रमाकांतांनी, चहा थंड होतोय या विचारात, ते दोन शब्द पाठमोऱ्या उभ्या असलेल्या कुठल्याशा परीच्या तोंडी घातले. जगातल्या इतर कुठल्याही भाषेत तिथे कुणीच बोलत नाही. ही परी फक्त मराठीत बोलली होती आणि फक्त एकदा.

“सोळा वर्षं झाली त्याला,” ती म्हणाली. “मी रोज म्हणून बघते.”

रमाकांत खुर्चीत जरा मागे सरकले. स्वतः लिहिलेलं एखादं वाक्य कुणी पाठ केलं असेल, अशी कल्पना त्यांनी बरेचदा केली होती. फक्त ते वाक्य दुसरं होतं.

शैलजाबाईंनी कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि अर्ज लिहायला सुरुवात केली.

“नाव?”

“नाही.”

“मग कामावर हाक कशी मारतात?”

“हाक मारत नाहीत, बरं का.”

शैलजाबाईंचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी ‘तिसरी रांग, डावीकडून चौथी’ असं लिहिलं. “सेवा सलग आहे ना? मध्ये खंड?”

“एकदा सातव्या चित्रपटात झाडामागे गेले होते.”

“हजर होतात, दिसत नव्हतात. तो खंड धरत नाहीत. कायम करायला दोनशे चाळीस दिवस लागतात, त्याच्या वर भरली सेवा. आता यांचा दाखला जोडू.” त्यांनी रमाकांतांपुढे दुसरा कागद सरकवला. “सदर परी माझ्या लेखणीतून बोलली आहे, असं लिहा आणि सही करा. तारीख घाला.”

रमाकांतांनी सही केली. ‘लेखणीतून’ हा शब्द त्यांना बरा वाटला.

अर्ज मुंबईच्या फरीदा मुल्ला मॅडमकडे गेला. मालिकेच्या सगळ्या भारतीय भाषांचं काम त्यांच्याकडे होतं. त्या मूळच्या मिरजेच्या, मोजकं आणि नीट बोलणाऱ्या. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला.

“उकिडवेसाहेब, कागदपत्रं व्यवस्थित आहेत. वहिनींनी लिहिलेली दिसतात.”

“हो.”

“अडचण एकच आहे. ‘अगं बाई’ हा उद्गार आहे, संवाद नाही. हेड ऑफिस संवाद मागतं. कर्ता आणि क्रियापद असलेलं एक तरी वाक्य हवं. आणि ते बाराव्या चित्रपटातच हवं, चौथ्याच्या फायली बंद झाल्यात.”

“पण बाराव्याचं चित्र तयार आहे. त्यात तिला बोलायला जागा कुठे आहे?”

“ते तुम्ही बघा. शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे. शनिवारी पुसायला घेणार आहेत. मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फाइल थांबवून धरते, त्याच्या पुढे माझ्या हातात नाही.”

जागा कुठे आहे, हे रमाकांतांना चांगलं ठाऊक होतं.

बाराव्या चित्रपटाच्या शेवटाकडे राणी परी तळ्याकाठी पाठमोरी उभी राहते. मागे तिन्ही रांगा असतात. मूळ चित्रपटात तिथे अकरा सेकंद नुसतं पाणी वाजतं. राणीचे ओठ दिसत नसल्यामुळे तिथे वाटेल ते घालता येण्यासारखं होतं आणि रमाकांतांनी ते घातलंही होतं. त्यांच्या कादंबरीचं पहिलं वाक्य. ‘काळाच्या अथांग डोहात स्मृतींची निर्माल्यं सोडत ती सांज एकटीच उतरत होती.’ बरोबर अकरा सेकंद. कादंबरी पुरी होईल न होईल, वाक्य तरी लोकांच्या कानावर जाईल, मग ते लोक सहासात वर्षांचे का असेनात, असा त्यांचा हिशेब होता. ही गोष्ट त्यांनी आत्तापर्यंत दोन मित्रांना, एका मेव्हण्याला आणि इस्त्रीवाल्याला सांगितली होती.

बुधवारचा दिवस त्यांनी ते वाक्य वाचवण्यात घालवला. आधी स्टुडिओत फोन करून इनामदारांना विचारलं, की राणी आणि परी एकाच वेळी बोलल्या तर चालेल का. इनामदार म्हणाले, एकाचंही कळणार नाही. मग दुसरी जागा शोधण्यासाठी त्यांनी सगळा चित्रपट दोनदा पाहिला. तिसरी रांग एकूण चार वेळा दिसत होती आणि त्यांतल्या तीन वेळा ढग गडगडत होते. संध्याकाळी त्यांना एक युक्ती सुचली. ते परीसमोर जाऊन बसले.

“तुम्हाला कर्ता आणि क्रियापद असलेलं वाक्य हवंय ना? माझ्याकडे तयार आहे. ‘सांज’ हा कर्ता, ‘उतरत होती’ हे क्रियापद. नियमात अगदी चोख बसतं. तुम्हीच म्हणा.”

परीने पाठ ताठ केली आणि म्हणून पाहिलं. “काळाच्या अथांग डोहात स्मृतींची निर्… निर्माल्यं म्हणजे काय?”

“वाहिलेली फुलं. कोमेजलेली.”

“मग फुलं म्हणू?”

“नको. निर्माल्यं.”

“निर्माल्यं सोडत ती सांज एकटीच उतरत होती.” तिने डब्याच्या कडेवरून खाली वाकून पाहिलं. “कशावरून उतरत होती? जिना असतो का, बरं का?”

स्वयंपाकघरातून शैलजाबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हे रमाकांतांना कळलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती.

“तसं नाही. ती एक भावना आहे,” ते म्हणाले.

“हो का,” परी म्हणाली आणि तिने पुन्हा म्हणायला सुरुवात केली. तिने ते नऊ वेळा म्हटलं. एकदाही कंटाळा केला नाही. सोळा वर्षं दोन शब्दांवर काढलेली ती, मिळेल ते वाक्य जपून उचलत होती. नवव्या वेळी ते बिनचूक आलं आणि रमाकांतांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आपलं वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून सलग ऐकलं. ऐकताना त्यांना आधी अभिमान वाटला, मग जरा गरम व्हायला लागलं, मग त्यांनी उठून पंखा लावला. पंख्याच्या वाऱ्याने परी डब्यावरून उडाली, म्हणून तो बंद केला.

शैलजाबाई हात पुसत बाहेर आल्या. “हे चालायचं नाही. अर्जातलं म्हणणं अर्जदाराचं स्वतःचं लागतं. दुसऱ्याचं घातलंत तर उद्या कुणीही हरकत घेईल.”

“मग काय करू?”

“त्यांना विचारा ना, काय म्हणायचंय ते.”

ही गोष्ट रमाकांतांना सुचली नव्हती. अकरा चित्रपटांत त्यांनी कुठल्याच परीला तसं विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं.

परी गोंधळली. “मला? मला सांगता नाही यायचं लगेच.”

“उद्यापर्यंत सांगा.”

गुरुवारी सकाळभर ती साखरेच्या डब्यावर बसून होती. एकदा तिने “मी परी आहे, बरं का” असं म्हणून पाहिलं आणि स्वतःच मान हलवली. रमाकांत चारदा पाणी प्यायच्या निमित्ताने येऊन गेले. तिला काही सुचू नये, अशी एक बारीकशी इच्छा त्यांच्या मनात होती. त्या इच्छेची त्यांना लाज वाटत होती, पण ती जातही नव्हती.

दुपारी शैलजाबाई मटार सोलत होत्या. परी त्यांच्या हातांकडे बघत होती. मग ती म्हणाली,

“मी दमले.”

परीने पुढे काही जोडलं नाही. वाक्य तिथेच संपलं होतं.

“कर्ता आहे. क्रियापद आहे,” शैलजाबाई सावकाश म्हणाल्या आणि त्यांनी सोललेल्या मटारांमधला एक दाणा परीपुढे ठेवला. परीने तो दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. खाल्ला नाही, कारण तिसऱ्या रांगेला तेही काढलेलं नसतं. नुसता धरून बसली.

शुक्रवारी तिघंही स्टुडिओत गेली. राणी परीचा आवाज पहिल्या चित्रपटापासून हेमांगीताई वाघधऱ्यांचा होता. राणीचं वय बाविशीच्या पुढे गेलं नव्हतं. हेमांगीताई आता बासष्ट वर्षांच्या होत्या आणि तळघराच्या चौदा पायऱ्या एका दमात उतरू शकत नव्हत्या. परीचं वाक्यही त्याच म्हणणार होत्या. परीला स्वतःला म्हणता येणार नव्हतं, कारण पात्राने स्वतःच्याच आवाजात बोलण्याची तरतूद करारात नव्हती.

हेमांगीताईंनी पहिल्यांदा ते गोड आवाजात म्हटलं. मग लाडिक. मग थोडं रडवेलं. परी मायक्रोफोनच्या दांडीवर बसली होती. प्रत्येक वेळी ती मान हलवून नाही म्हणे.

“मग कसं हवंय?” हेमांगीताईंनी विचारलं.

“तुम्ही सकाळी जिना उतरून आलात ना,” परी म्हणाली, “तेव्हा भिंतीला हात लावून उभ्या होतात. तसं.”

हेमांगीताईंनी हेडफोन काढला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा हेडफोन लावला. आणि मग त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, “मी दमले.”

काचेपलीकडे इनामदारांनी लगेच काही केलं नाही. तेवीस वर्षं ते हेमांगीताईंचा आवाज टेपवर उतरवून घेत होते. त्या मायक्रोफोनसमोर स्वतःच्या आवाजात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. परीने मान हलवली, या वेळी होकारार्थी.

“झालं हे,” इनामदार म्हणाले. “दोन सेकंद. उकिडवे, अजून नऊ उरतात. त्यांत काय टाकायचं?”

रमाकांतांच्या खिशात एक चिठ्ठी होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्या वाक्यातले ‘अथांग’ आणि ‘एकटीच’ हे दोन शब्द काढून ते बरोबर नऊ सेकंदांत बसवलं होतं. त्यांनी खिशावर हात ठेवला. हेमांगीताई खुर्चीत टेकल्या होत्या. परी दांडीवरून खाली पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती.

“काही नको,” रमाकांत म्हणाले.

“काहीच नको?”

“पाण्याचा आवाज आहे ना. पुरे.”

‘काही नको’ हे दोन शब्द उच्चारल्यावर खोलीत काहीतरी घडेल, निदान शैलजाबाई आपल्याकडे वळून बघतील, अशी त्यांची अपेक्षा होती. शैलजाबाई फाइलला दोरा बांधत होत्या. इनामदार जेवायला गेले.

मुल्ला मॅडमनी सहा वाजायला दहा मिनिटं असताना फाइल पुढे सरकवली. आदेश सोमवारी आला. शैलजाबाईंनी तो मोठ्याने वाचला. सदर परीस पात्र म्हणून मान्यता देण्यात येत असून तिला दुसऱ्या रांगेत सामावून घेण्यात येत आहे. तिला पाय, नग दोन, मंजूर करण्यात येत आहेत. बोटांबाबत स्वतंत्र आदेश काढण्यात येतील.

परीने आदेशाची प्रत घडी करून झग्यात खोचली. निघताना शैलजाबाईंनी तिला चिमूटभर साखर पुडीत बांधून दिली.

“सेवापुस्तक स्वतःकडे एक प्रत ठेवून मगच द्यायचं,” त्या म्हणाल्या. “आणि रजा साठवायच्या. मागायला लाजायचं नाही.”

“येते,” परी म्हणाली. रमाकांतांकडे वळून तिने थोडा विचार केला. “ते सांजेचं वाक्य मला अजून पाठ आहे.”

“राहू दे,” रमाकांत म्हणाले. पण दार लावल्यावर ते बराच वेळ चांगल्या मूडमध्ये होते.

चित्रपट मे महिन्यात लागला. रविवारी सकाळी दहाच्या खेळाला रमाकांत आणि शैलजाबाई गेले. थिएटर मुलांनी आणि मुलांच्या आयांनी भरलं होतं. बाप दोनतीन होते आणि मोबाइल बघत होते. रमाकांतांच्या पुढच्या रांगेत एक बाई होती. तिच्या एका मांडीवर झोपलेलं मूल, दुसऱ्या मांडीवर दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली, आणि खांद्याला टेकलेली एक मुलगी जी प्रत्येक परीचं नाव विचारत होती.

तळ्याचा प्रसंग आला. राणी परी पाठमोरी उभी राहिली. दुसऱ्या रांगेतली, फिकट हिरव्या झग्यातली एक परी म्हणाली, “मी दमले.”

पुढे नऊ सेकंद नुसतं पाणी वाजत होतं. मुलं गप्प होती. पुढच्या रांगेतली बाई पडद्याकडे बघत, अगदी हळू, शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, “मग बस की गं.”

परीने बाईकडे पाहिलं. मग इकडेतिकडे बघितलं, तळ्याकाठचा एक दगड हाताने झटकला आणि त्यावर बसली. दोन्ही पाय तिने पाण्यात सोडले. पायांना बोटं नव्हती.

पुढे चित्रपट ठरल्याप्रमाणे झाला. अंधारराजा आला, ढग गडगडले, सगळ्या पऱ्या उडाल्या, बारा मिनिटं लढाई चालली, वन वाचलं. परी दगडावर बसून होती. एक वीज तिच्या डोक्यावरून गेली, तेव्हा तिने मान जराशी खाली घेतली, एवढंच. पुढची बाई लढाईभर तिच्याकडेच बघत होती. मुलीने “आई, कोण जिंकलं?” असं विचारलं, तर तिला सांगता आलं नाही.

दिवे लागले. रमाकांत दाराशी रेंगाळले. बाहेर पडणाऱ्यांपैकी कुणी संवादांबद्दल काही म्हणतंय का, हे त्यांना ऐकायचं होतं. एक गृहस्थ म्हणाले, “ते तळ्यावरचं वाक्य बरं होतं.” रमाकांतांनी तोंड उघडलं, मग मिटलं. ते वाक्य त्यांचं नव्हतं. त्यांचं जे होतं, ते पुढचे नऊ सेकंद, आणि त्यांबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

थिएटर रिकामं झालं. डोअरकीपर झाडू घेऊन आत आला आणि पडद्याकडे बघून थांबला. तळं, दगड आणि परी अजून तिथेच होती.

“या तुमच्यातल्या का?” त्याने विचारलं.

“हो,” शैलजाबाई म्हणाल्या.

“पिक्चर संपलाय.”

“पुढचा खेळ कितीला आहे?”

“पाऊणला.”

“मग तोवर बसू द्या.”

डोअरकीपरने घड्याळात पाहिलं. मग त्याने मागच्या रांगेपासून झाडायला घेतलं, म्हणजे पुढे धूळ उडायला अजून वेळ होता.